नेपल्सच्या गल्लीतली खोली

माझी नात ऋता इमारतींचं शिकायला इटलीत गेली, नेपल्सला. कॉलेजजवळच्या जुन्या गल्लीत तिला एक खोली आवडली. घरमालकीण म्हणाली, आजच सांग, नाहीतर दुसरी मुलगी तयार आहे. भाडं भरणार माझा मुलगा प्रबोध, म्हणून त्याचा होकार हवा. आम्ही इकडे सिंगापुरात, बिशानच्या फ्लॅटमध्ये व्हिडिओ कॉल लावून, फोन टेबलावर उभा करून बसलो.

प्रबोध बँकेत मोठा साहेब. त्याला सगळं नवंकोरं लागतं. आणि ही गल्ली अशी, की समोरच्या बाईने हात लांबवला तर आपल्या ताटातली पोळी उचलेल. भिंतींचे पोपडे निघालेले, वर दोऱ्यांवर सगळ्यांच्या चड्ड्या.

"लिफ्ट कुठाय?"

"नाहीये, बाबा."

"आणि दारापाशी एवढे कागद? अख्खी गल्ली भाड्याने द्यायला काढलीय का?"

ऋता हसली आणि शेवटी इथलं सिंगापुरी 'लाह' जोडत म्हणाली, "बाबा, ती मेलेल्यांची नावं आहेत, लाह! कोण गेलं, चर्चमध्ये कधी यायचं, ते चिकटवतात."

प्रबोधचं तोंड कडू झालं. "दारातच मयताची पाटी! नको. गावाबाहेर नवी बिल्डिंग बघ, कार्डाशिवाय कुणी आत येत नाही अशी."

"आत आजारी पडली तर कार्ड येणार का पाणी द्यायला?" मी म्हटलं.

"आई, अभद्र बोलू नकोस."

"शेजारच्या म्हाताऱ्याचं नाव तुला कधी कळलं रे? खाली व्हॉइड डेकवर, इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, त्याच्या मयताचा मांडव पडला, फोटो लागला, तेव्हा. रोज लिफ्टमध्ये त्याच्या शेजारी उभा राहायचास, फोनमध्ये डोकं घालून."

मग मी फोनकडे वळले.

"ऋते, त्या बाईला विचार, तू एक दिवस खोलीबाहेर आली नाहीस तर काय होईल?"

तिने विचारलं. घरमालकीण हातवारे करत सुटली. समोरच्या खिडकीतली बाईही ओरडून त्यात बोलू लागली.

"म्हणतात, खिडकी उघडली नाही तर समोरची हाका मारेल. तरी नाही उघडली तर खालचा दुकानदार वर येईल." ऋताने नाक मुरडलं. "आणि माझ्याकडे कोण येतं तेही सगळ्यांना कळेल, आजी. ते मला नको."

"सवय कर."

प्रबोधने चष्मा काढला, पुसला. "जिन्यात दिवा आहे?"

"आहे, बाबा."

"घे मग." माझ्याकडे वळून म्हणाला, "तुझ्या जबाबदारीवर हं, आई."

"तू तरी कुणाच्या जबाबदारीवर वाढलास?" मी म्हटलं. तोवर ऋताने तिकडे सांगूनही टाकलं होतं.