उजेड आधी, आवाज मागून

कीर्ती अकरा वर्षांची होईपर्यंत तिने एकही फटाका उडताना पाहिला नव्हता. आवाज मात्र सगळे ऐकले होते, आणि ते तिला सोसत नसत. कुकरची शिट्टी होणार असली की तिची आई शालन आधी सांगायची, "कीर्ते, होतीय बघ." मग ती कानांवर हात ठेवायची. दिवाळीत ती बाथरूममध्ये नळ सोडून बसायची. चौदा एप्रिलला वस्तीतली सगळी पोरं नवे कपडे घालून मिरवणुकीच्या पुढे नाचायची तेव्हाही ती बाथरूममध्येच असायची. डॉक्टरांनी दोनदा तपासलं. कानात दोष काही नाही, म्हणाले; काही मुलांना आवाज जास्त टोचतो, आणि अचानक आलेला तर फारच.

तिनेच नोव्हेंबरात एकदा जेवताना सांगितलं, "मला फटाके बघायचेत. ऐकायचे नाहीत, पण बघायचेत."

तिच्या बापाने, प्रदीपने, ताटातून मान वर केली. तो कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होता, सोलापूरहून रोज गाडीने जाऊन येऊन करायचा. घरी आल्यावर कमी बोलायचा. त्या रात्री मात्र जेवण झाल्या झाल्या त्याने मोबाईल काढला. तुळजापूर रस्त्याला नवरंग नावाचा मोठा पार्क झाला होता. तिथे दर शनिवारी संध्याकाळी साडेसातला आतषबाजी व्हायची. कीर्तीच्या वर्गातली निम्मी मुलं जाऊन आली होती.

"हे बघ," त्याने मोबाईल शालनपुढे धरला. "रॉयल डेक. सगळ्यांत जवळून दिसतं. गाद्यांच्या खुर्च्या, जेवण, निघताना फोटो. साध्या तिकिटाच्या चौपट हाय, पण असू दे. या शनिवारच्या थोड्याच जागा राहिल्यात म्हणतंय."

"थांब जरा," शालन म्हणाली. "आधी विचारून घेते."

विचारणं आणि सांगणं हेच तिचं काम होतं. एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून तिची चौदा वर्षं चौकशीच्या खिडकीत गेली होती. माणसाला खरं उत्तर देणं कसं असतं आणि नुसतं वाटेला लावणं कसं असतं, हे तिला चांगलं कळायचं.

दुसऱ्या दिवशी तिने पार्कच्या नंबरवर फोन लावला. गोड आवाजाची एक मुलगी बोलली.

"डेकवर आवाज किती मोठा येतो?"

"मॅडम, एकदम भारी अनुभव आहे. फॅमिलीसाठी बेस्ट."

"माझ्या मुलीला आवाज सहन होत नाही. मधेच उठून बाहेर येता येतं का?"

"हो मॅडम, लहान मुलं खूप एन्जॉय करतात."

"फटाके डेकपासून किती लांब उडवतात?"

"एकदम समोर मॅडम. बुक करून टाकू का?"

शालनने फोन ठेवला. संध्याकाळी प्रदीपला सांगितलं तर तो चिडला. आवाज न चढवता चिडायचा तो. घरात तशी सवयच पडली होती.

"अकरा वर्षांत पहिल्यांदा तिनं तोंडानं मागितलंय. सगळ्यांत चांगलं दाखवायचं सोडून तू चौकशा करत बसलीस. तिला जन्मभर सगळं लांबूनच बघायला लावायचं का?"

"मी जाऊ नको म्हणत नाही."

"मग?"

"एकदा घाबरून पळाली तर परत कधी मागणार नाही ती. मला जागा बघून येऊ दे. गुरुवारी माझी सुट्टी हाय."

प्रदीपने मोबाईल खिशात टाकला. कोपऱ्यात बसलेले त्याचे वडील हणमंतआबा हे सगळं बघत होते. आबांना कमी ऐकू यायचं, पण घरात चाललेलं त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही.

"कुटं जायाचं म्हणतीस?"

शालनने त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं.

"मी बी येतो," आबा म्हणाले. "दारूचा आवाज मला दाखवा. मला कळतो त्यो."

ते उगाच म्हणत नव्हते. तरुणपणी आबा माळशिरस तालुक्यात विहिरी फोडणाऱ्या टोळीत होते. खडकाला भोकं पाडायची, त्यात सुरुंगाची दारू भरायची, वात पेटवायची आणि पळायचं. वीस वर्षं केलं. कान त्यातच गेले.

गुरुवारी दुपारी दोघं पार्कात पोचली. गर्दी नव्हती. तिकिटाच्या खिडकीवर शालनने सरळ सांगितलं की फटाके उडवणाऱ्या माणसाला भेटायचंय. इकडेतिकडे फोन झाले आणि अर्ध्या तासाने खाकी टोपी घातलेला, पन्नाशीचा एक माणूस आला. बसवेश त्याचं नाव, अक्कलकोटकडचा; बोलण्यात कानडी मिसळायची. आतषबाजीचा सगळा कारभार त्याच्याकडे होता. शालनने मुलीचं सांगितलं तसं त्याने टोपी काढून हातात घेतली.

"मला हे कुणी विचारत नाही री," तो म्हणाला. "सगळे फोटो कुठून चांगला येतो तेवढंच विचारतात. चला."

त्याने त्यांना डेकवर नेलं. उंच, लाकडी फळ्यांचा ओटा, वर खुर्च्यांच्या रांगा. समोर तळं आणि तळ्याच्या अलीकडच्या काठावर लोखंडी नळ्यांची ओळ. फटाके तिथून वर जायचे. अंतर सव्वाशे मीटर, बसवेश म्हणाला. चढायला-उतरायला एकच जिना होता. कार्यक्रम सुरू झाला की सुरक्षेसाठी तो बंद करायचे. पुरी वीस मिनिटं.

"म्हणजे मधे कुणी उतरू शकत नाही?" शालनने विचारलं.

"अगदीच कुणाला बरं नसलं तर सोडतो. पण गर्दीतून वाट काढायला वेळ लागतो. खोटं कशाला सांगू? ज्यांना आवाज छातीत घ्यायला आवडतो, त्यांच्यासाठी याच्यासारखी जागा नाही. माझा मुलगा इथंच बसतो."

आबा कठड्याला धरून नळ्यांकडे बघत होते. ते एकदम म्हणाले, "हितं उजेड आन आवाज संगंच येत असतील."

"हौद री. संगंच."

"मंग न्हाय जमायचं," आबा म्हणाले. ते शालनकडे वळले. "आमी सुरुंग लावला की जवळच असायचो. डोळ्यांपुढं धूळ उडायची आन तवाच कानात बसायचा. पर लांब बांधावर पोरं बसल्याली असायची. त्यांना आदी दगड उडताना दिसायचं, मंग मागनं आवाज. ती पोरं दगड दिसला की आकडं म्हणायची आन बरोबर वेळंला कानात बोटं घालायची. एक पोरगं भ्यायचं न्हाय. हसायची. आवाज कवा येनार ते त्यांना ठावं असायचं."

शालन त्यांच्याकडे बघतच राहिली. आवाज अचानक आला की कीर्तीला जास्त त्रास होतो, हे डॉक्टरांनीही सांगितलं होतं. शालन आजवर अचानक येणारा आवाज बंद कसा करायचा, याचाच विचार करत होती. कुकरच्या शिट्टीसारखा फटाकाही आधी कळवता येतो, हे कधी तिच्या मनात आलंच नव्हतं.

"इथं अशी लांबची जागा आहे का?" तिने बसवेशला विचारलं.

बसवेशने तळ्याच्या पलीकडे बोट दाखवलं. "तिकडचं गवत. साध्या तिकिटावरच बसतात. सातशे मीटर तरी असेल. उजेड दिसल्यावर दोन आकडे म्हणून होतात, मग आवाज. मागं पाचच पावलांवर फाटक, कधीही निघा." तो जरा थांबला. "एक सांगतो. शेवटची दोन मिनिटं सगळं एकदम सुटतं. तेव्हा आकडे मोजता येणार नाहीत. मुलीला आधीच सांगून ठेवा."

घरी आल्यावर शालनने कीर्तीपासून काहीही लपवलं नाही. डेक कसा आहे, गवत कसं आहे, शेवटाला काय होतं, सगळं सांगितलं. आबांनी विहिरीचं सांगितलं. कीर्तीने बोटांवर दोन आकडे मोजून बघितले.

"गवतावर जाऊ या. दोनच तर आकडे मोजायचेत," ती म्हणाली. "पण मी उठले की सगळ्यांनी उठायचं. का म्हणून विचारायचं नाही."

"ठरलं," शालन म्हणाली.

प्रदीपचं तोंड उतरलं होतं. डेकचे फोटो त्याने वर्कशॉपमधल्या दोघातिघांना दाखवलेही होते. पण शनिवारी येताना त्याने स्वतःच्या पैशांनी एक वस्तू आणली. मोठ्या यंत्राजवळ काम करणारे घालतात तसले, दोन्ही कान झाकणारे जाड गोळे. त्याने पट्टा आवळून कीर्तीच्या मापाचा करून दिला.

साडेसातला दहा मिनिटं असताना चौघं गवतावर सतरंजी टाकून बसली. समोर काळं पाणी. पलीकडे डेक दिव्यांनी लखलखत होता आणि तिथलं संगीत बारीक होऊन इथवर येत होतं. प्रदीप तिकडेच बघत होता. कीर्तीने कानांवर गोळे चढवले आणि आबांच्या कुशीला टेकली.

दिवे गेले. एक ठिणगी वर चढली आणि अंधारात हिरवं फूल उमललं. आवाज नव्हता. कीर्तीचे खांदे आखडले. आबांनी तिच्या पाठीवर बोटाने टिचकी मारली, एक. दुसरी मारली, दोन. आणि धप् झालं, लांब कुणी गादी आपटल्यासारखं.

कीर्तीने आबांकडे बघितलं. आबांनी मान हलवली.

दुसरं लाल होतं. या वेळी ती स्वतःच पुटपुटली, "एक, दोन." धप्. तिसऱ्याला ती मोठ्याने म्हणाली. चौथ्याला तिने हात वर केला आणि दोन म्हणताना खाली आणला, आवाज बरोबर तिच्या हातावर आला. जणू तिने सांगितलं म्हणून आला. ती हसली. मग प्रत्येक फुलाला हात वर जाऊ लागला. शेजारच्या सतरंजीवरची माणसं तिच्याकडे बघू लागली, आणि त्यांच्यातली एक म्हातारी बाईही हळूच आकडे मोजायला लागली.

सहासात मिनिटांनी कीर्तीने एका कानावरचा गोळा मागे सरकवला. शालनचा हात तिकडे गेला, पण तिने तो मागे घेतला. एक, दोन, धप्. कीर्तीने नाक मुरडलं, पण गोळा परत लावला नाही. अजून चार झाल्यावर दुसराही मागे गेला. सोनेरी पाऊस झाला, निळे साप सळसळत गेले, एक चंदेरी झाड इतकं मोठं उघडलं की तळंही पांढरं झालं. ती मोजत राहिली.

मग थोडा वेळ काहीच झालं नाही. शालनला कळलं, आता शेवट येतोय. तिने कीर्तीच्या कानाशी वाकून सांगितलं, "आता एकदम सुटेल. मोजता येणार नाही."

कीर्तीने दोन्ही गोळे कानांवर लावले. पलीकडच्या काठावर एकदम सगळं पेटलं, आणि कीर्ती उठून उभी राहिली.

ठरल्याप्रमाणे सगळे उठले. शालनने पिशवी खांद्याला लावली, प्रदीपने सतरंजीचं टोक धरलं, आबा गुडघ्यावर हात ठेवून उभे राहिले. कुणी का म्हणून विचारलं नाही. प्रदीपने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला फाटकाकडे वळवलं.

तिने त्याचा हात बाजूला केला. "मी जात नाहीये," ती ओरडून म्हणाली. "बसून नीट दिसत नाही."

आभाळ फुटल्यासारखं झालं होतं. आवाजावर आवाज येत होते, कुठला कुणाचा ते कळायला मार्ग नव्हता. कीर्तीने आबांचा हात घट्ट पकडला होता. तिचा ओठ दाताखाली होता, पण डोळे सताड उघडे होते. आबा आपली छाती चोळत होते. "मला बी येतोय," ते म्हणाले, "हितं छातीत येतोय. किती वर्सांनी."

आणि मग संपलं. धूर तळ्यावरून हळूहळू सरकला. पलीकडे डेकवर टाळ्या वाजत होत्या, शिट्ट्या होत होत्या. तिथलेही खूश होते. गवतावरही टाळ्या सुरू झाल्या. कीर्तीने गोळे काढून गळ्यात घातले आणि जोरजोरात टाळ्या वाजवल्या, इतक्या की शेजारच्या म्हातारीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"पूर्ण बघितलं मी," ती शालनला म्हणाली. "पूर्ण."

शालनने पदराने आधी तिचं तोंड पुसलं, मग स्वतःचं.

बसची वाट बघत ते रस्त्याच्या कडेला उभे होते. ऊस भरलेल्या ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर चालले होते, आणि कीर्ती त्यांच्या आवाजावर आवाज काढून आबांना फुलांचे रंग सांगत होती. प्रदीप शालनजवळ सरकला.

"तू गेलीस ते बरं केलंस बघून यायला," तो हळूच म्हणाला. "मी तिला तिकडं वर कोंडून ठेवली असती."

"मागितलं तिनं, आणलंस तू," शालन म्हणाली. "मी नुसती चौकशी केली."

तो हसला. मग त्याने कीर्तीला हाक मारली. "शेवटाला काय काय झालं गं? सांग की मला."

"तुम्ही बघितलं नाही?"

"न्हाय. मी तुझ्याकडंच बघत होतो."

बस आली. कीर्ती त्याला खिडकीशी घेऊन बसली आणि पहिल्या हिरव्या फुलापासून सांगायला लागली. सोलापूर येईपर्यंत तिचं संपलं नव्हतं, आणि प्रदीपने एकदाही मधे तोंड घातलं नाही.