सामाईक माळा

घराची वाटणी झाली तेव्हा सासूचं शिलाई मशीन थोरल्या जावेकडे आलं आणि कपडे धुवायचं मशीन धाकटीकडे गेलं. थोरलीच्या मते हा सरळसरळ दरोडा होता. त्याला पाच वर्षं झाली, घराच्या मधोमध भिंत उभी राहिली, तरी ते मशीन तिच्या डोक्यात फिरायचं थांबलं नव्हतं. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, आणि बायकांच्या भांडणात तोंड न घालण्याइतके शहाणे. भिंत छतापर्यंतच गेली होती. वरचा माळा सामाईक राहिला आणि त्यात वटवाघळं राहायला आली.

त्यांची ये-जा धाकटीच्या बाजूने, मागच्या भिंतीत छपराखाली वीतभर फट होती तिथून. घाण मात्र सगळी थोरलीच्या शिवणखोलीवर. माळ्यावर जायचं लाकडी झाकण नेमकं त्या खोलीच्या छतात होतं आणि त्याच्या कडेने लेंड्यांचा काळा चुरा खाली गळायचा. त्यात या महिन्यात तिच्याकडे दवाखान्याचे चाळीस पांढरे कोट आले होते. पहिलीच मोठी ऑर्डर. कोट वेळेवर आणि स्वच्छ गेले तर वर्षभराचं काम तिला मिळणार होतं. नाहीतर आहेच, लोकांच्या पँटी आखूड करत बसायचं.

वटवाघळं घालवणारा माणूस बोलावला. तो बॅटरी घेऊन माळ्यावर चढला, खाली उतरून त्याने दोघींना अंगणात उभं केलं.

"आत पिल्लं आहेत, त्यांना उडता येत नाही. तीन आठवडे थांबा. मग फटीवर जाळी बसवतो, बाहेर पडतील पण परत आत शिरता येणार नाही. तोवर फट बुजवू नका. बुजवलीत तर दुसरी वाट शोधतील."

"थांबू की," धाकटी म्हणाली. "जाऊबाई, कोट हवं तर माझ्या पुढच्या खोलीत ठेवा."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धाकटी थांबायचं म्हणते म्हणजे त्यात काहीतरी काळंबेरं असणारच. आणि कोट तिथे नेले की ही गल्लीभर सांगत सुटणार, जाऊबाईंचा धंदा माझ्या जागेवर चालतो म्हणून.

"माझं रीळसुद्धा तुझ्या उंबऱ्याच्या आत यायचं नाही," ती म्हणाली.

कोट द्यायच्या आदल्या दुपारी धाकटी कामावर गेली, तशी थोरलीने मागे शिडी लावली. कोटांच्या उरलेल्या चिंध्यांचा बोळा फटीत कोंबला आणि कात्रीच्या मुठीने ठोकून ठोकून घट्ट बसवला. आतून चिरचिर ऐकू आली.

"ओरडा," ती भिंतीला म्हणाली. "तुमच्या वकिलीणबाईंना बोलवा."

संध्याकाळी ती शेवटच्या कोटाला बटणं लावत होती, तेव्हा झाकणाच्या कडेला खरवडल्यासारखं वाजलं. एक वटवाघूळ खाली आलं. मग चार-पाच. मग खोलीत नुसती फडफड. थोरलीने मोजायची लाकडी पट्टी उचलून सपासप फिरवली. वटवाघूळ एकही लागलं नाही, कोट टांगलेला दांडा मात्र धाडकन खाली आला. घाबरलेल्या वटवाघळांनी घाबरल्यावर करायचं ते सगळं केलं. खिडकी उघडायचं तिला सुचेपर्यंत एकही कोट धड पांढरा राहिला नव्हता.

मागे शिडी वाजली. थोड्या वेळाने धाकटी दारात आली, हातात तो पांढरा बोळा. तिने तो शिलाई मशीनवर ठेवला आणि खोली नीट बघून घेतली. हसली नाही. हसली असती तर थोरलीला भांडता तरी आलं असतं.

"उद्या किती वाजता द्यायचेत?"

"नऊ."

धाकटी निघून गेली.

थोरलीने एक कोट नळाखाली धरून घासला. डाग गेला नाही, पसरला. तिला रडू आलं, पण त्यात दुःख कमी आणि संताप जास्त होता. एक कोट असा, तर चाळीस कधी व्हायचे? शेवटी तिने सगळे चादरीत बांधले आणि गाठोडं उचलून शेजारच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मशीन लावतेस का?"

"लावते. तीन खेपा लागतील. आधी चुकलं म्हणा."

"कोणाचं?"

"तेही म्हणा."

पाच वर्षं हिच्यापुढे एकदासुद्धा पडती बाजू घेतली नव्हती. गाठोड्याचा वास नाकात जात होता.

"चुकलं माझं," थोरली पुटपुटली.

धाकटीने कानामागे हात धरला. "ऐकू नाही आलं, जाऊबाई. मशीनचा फार आवाज होतो."

मशीन कोपऱ्यात बंद उभं होतं. थोरलीने त्याच्याकडे बघितलं, मग धाकटीकडे बघितलं, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या भावांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने पुन्हा म्हटलं. मग गाठोडं घेऊन ती उंबऱ्याच्या आत गेली.