हलक्या पायाचा क्लच

"सिरॅमिकची प्लेट बसव. शर्यतीच्या गाड्यांना असते ती. दोन वर्षांत तिसरा क्लच जळाला, आता हयगय नको," सर म्हणाले आणि गॅरेजच्या बाकावर टेकले.

मिस्त्री गाडीखालून बाहेर आला. एका दमात नव्हे. आधी कोपर, मग कूस, मग गुडघ्याला दोन शिव्या घालून उरलेला देह. छप्पन्न वर्षांचा होता. त्यातली चौतीस क्लच आणि गिअरबॉक्स उतरवण्यात आणि चढवण्यात गेली होती. इंजिनवाल्याला लोक डोक्यावर घेतात, रंगवाल्याचं काम निदान डोळ्यांना दिसतं. क्लचवाल्याची आठवण होते ती गाडी भर रस्त्यात अडली की. पूर्वी त्याला याचा राग यायचा. आताशा रागवायचाही कंटाळा येत असे.

"बघतो सर. गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय काही सांगत नाही."

"तुझी जुनी खोड. तू उत्तर आधी कधी दिलंसच नाहीस, बारक्या."

पंच्याण्णव किलोच्या माणसाला बारक्या म्हणणारे सर हे जगात आता एकटेच उरले होते. तांत्रिक शाळेत ते यंत्रांची ड्रॉइंग आणि गाड्यांची दुरुस्ती शिकवायचे. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. ही गाडी त्यांनी एकतीस वर्षांपूर्वी जवळजवळ भंगारातून उचलली आणि दर सुट्टीत तिच्यात काही ना काही घातलं. बाहेरून पाहणाऱ्याला ती एखाद्या हेडक्लार्कची गाडी वाटे. आत दोन वर्षांपूर्वी बसवलेलं टर्बोचं इंजिन होतं, चारशे घोड्यांच्या ताकदीचं. ज्याने ते बसवलं त्यानेच आधीचे दोन्ही क्लच बदलले होते, दर वेळी आधीपेक्षा दणकट स्प्रिंगचा. या वेळी मात्र गाडी दोरीने ओढत इथे आली होती.

"आधीच माझ्याकडे का नाही आणलीत?" मिस्त्रीने विचारलं होतं.

"तू कामात असतोस," सर म्हणाले होते आणि दुसरीकडे बघू लागले होते.

ते घरी गेल्यावर दुपारपर्यंत गिअरबॉक्स खाली आला. क्लचची प्लेट काळी पडून काचेसारखी गुळगुळीत झाली होती. ते अपेक्षितच होतं. पण तिच्यासोबत निघालेलं बेअरिंग त्याने बोटावर फिरवलं आणि तो थबकला. ते घरघरत होतं. पुन्हा फिरवलं. मग ते घेऊन तो पुढच्या काउंटरवर गेला. सुट्या भागांचं काउंटर त्याची बायको सांभाळत असे.

"हे ऐक."

तिने कानाशी धरलं. "भाड्याच्या टॅक्सीचं दिसतंय."

"सरांच्या गाडीचं आहे. आठ महिन्यांचं."

"अहो, चारशे घोडे म्हटल्यावर जायचंच."

"प्लेट जाईल. हे नाही जायचं. पेडलवर पाय असेल तेवढाच वेळ हे काम करतं. ताकदीशी त्याचा काही संबंध नाही."

तो परत गेला, ड्रायव्हरचं दार उघडून वाकून बघत राहिला. क्लचच्या पेडलचं रबर घासून टकलं झालं होतं. त्याच्या शेजारी डावा पाय ठेवायला जी उतरती पट्टी असते तिच्यावर धुळीचा थर होता, आणि धुळीत बुटाचा एकही ठसा नव्हता. पाय तिथे जातच नव्हता. तो कायम पेडलवर होता, आणि अर्ध्या दाबलेल्या क्लचवर कितीही दणकट प्लेट घातली तरी ती जळणारच. नव्या माणसाची ही खोड असते. सर नवे नव्हते. पाय पेडलवरून काढा, हे याच सरांनी वर्गाला शंभरदा बजावलं होतं.

"मग सांगा ना त्यांना," बायको म्हणाली.

"काय सांगू? मला स्पॅनर धरायला त्यांनी शिकवलंय."

"सांगू नका मग. नुसतं हातात द्या. मास्तर आहेत, त्यांना वाचता येईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आले. बाकावरून उठून टेबलापाशी येताना त्यांनी डावी मांडी हाताने जराशी उचलल्यासारखी केली. मिस्त्रीने पाहिलं न पाहिलंसं केलं.

"सिरॅमिक पकडते चांगली, पण चावते," तो म्हणाला. "पाय सुटला की झटक्यात धरते. मोकळ्या ट्रॅकवर ठीक आहे. गर्दीत गाडी उड्या मारेल, आणि पेडल असं जड की सिग्नलला पोटरीत गोळा यावा."

"मग दुसरं काय?"

"दोन प्लेटींचा क्लच. भार दोघींवर वाटला जातो, त्यामुळे स्प्रिंग कमी ताकदीची चालते. पेडल हलकं राहतं. न्यूट्रलमध्ये थोडा खडखडतो, एवढंच."

"मग तोच बसव की. एवढं घोळवतोस कशाला?"

"सर, तोही जळेल."

मिस्त्रीने बेअरिंग त्यांच्या हातात दिलं. सरांनी ते कानाजवळ नेऊन फिरवलं, एकदा सावकाश, एकदा जोरात, आणि टेबलावर ठेवून दिलं.

"किती महिने झाले हे बसवून?"

"आठ."

बाहेर कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं.

"पाय बाजूला ठेवला की वेळेवर परत येत नाही," सर म्हणाले. "म्हणून तिथेच ठेवतो. नसांचं दुखणं आहे. बरं होणारं नाही, वाढणारं आहे."

"घरी माहीत आहे?"

"लेकीला पाठ दुखते म्हणून सांगितलंय." ते थांबले. "गेल्या आठवड्यात शाळेपाशी सिग्नलला थांबलो होतो. पाय घसरला. गाडी उसळली. समोर एक बाई, हातात भाजीची पिशवी. वीतभर अंतर राहिलं असेल. ती मला सॉरी म्हणाली, बारक्या. मला!"

"ऑटोमॅटिक गिअरबॉक्स शोधू का? डाव्या पायाचं कामच नको."

"उजवाही याच वाटेने जाणार आहे. आज ना उद्या." सरांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. "एक वर्ष मिळेल असं वाटलं होतं. चांगला क्लच टाकला तर."

मिस्त्री स्टुलावर बसला. इतकी वर्षं गाड्यांची दुखणी सांगायचं काम केलं, माणसाचं कधी सांगावं लागलं नव्हतं. त्याला एकदम फार दमल्यासारखं वाटलं.

"सर, गाडी मी नीट करून देतो. पण चावी तुमच्या हातात नाही देणार."

"म्हणजे मला नापास करतोस?"

"हो."

"सूड घेतोस. मी तुला दोनदा केलं होतं."

"तीनदा, सर."

सर हसले. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे भरले. काउंटरवर मिस्त्रीची बायको उगाचच नटबोल्टचे डबे सारखे करत राहिली.

"दोन प्लेटींचाच बसव," सर शेवटी म्हणाले. "लेक चालवेल. तिचा पाय हलका आहे. लहानपणापासून मागतेय, मीच कधी हात लावू दिला नाही."

सामान यायला चार दिवस लागले, बसवायला दीड. मिस्त्रीने प्रत्येक बोल्ट स्वतः आवळला, पेडलची उंची तीनदा बदलली. सरांची मुलगी प्रयोगशाळेत काम करायची. जेवणाच्या सुट्टीत ओळखपत्र गळ्यातच ठेवून आली. पाठदुखीमागचं खरं तिला एव्हाना कळलं होतं. तसं कुणी बोललं नाही, पण तिचे डोळे सुजलेले होते.

"काका, बंद पडली तर?"

"पडेल. पहिल्यांदा सगळ्यांचीच पडते. घाबरायचं नाही."

गॅरेजच्या दारापर्यंत जाताना गाडी दोनदा बंद पडली. मिस्त्रीने सरांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. तिसऱ्यांदा क्लच लोण्यासारखा धरला आणि गाडी दारात येऊन अलगद थांबली.

"बाबा, चला."

सर सवयीने ड्रायव्हरच्या दाराकडे निघाले, चार पावलांवर थांबले आणि गाडीला वळसा घालून पलीकडे गेले. बसायला वेळ लागला. मिस्त्री मदतीला पुढे झाला नाही.

"पट्टा लावा, बाबा."

सरांचा हात पट्टा ओढायला उजव्या खांद्यावर गेला. एकतीस वर्षं तो त्याच खांद्यावर सापडला होता. त्यांची बोटं तिथे थोडा वेळ चाचपडत राहिली. मग मुलीने इंजिन चालूच ठेवून त्यांच्या अंगावरून हात नेला, दुसऱ्या बाजूचा पट्टा ओढला, आणि त्यांनी मान जरा वर करून तिला तो लावू दिला.