सुटी चावी

वासुदेवरावांच्या घरात दुरुस्तीचं असं काही काम नव्हतं. तरी पिंटूचा नागपूरहून फोन आला की तो तेच सांगायचा. बाबा, एखादी मशीन घ्या. ड्रिल घ्या, ग्राइंडर घ्या, हल्ली लोक घरचं काम घरीच करतात, तुमचेही हात चालू राहतील. आई गेल्यापासून तुम्ही ओसरीत नुसते बसून राहता, हे तो बोलत नसे. गुड्डी सणाला आली होती तेव्हा तिनं पाहिलं होतं, आणि तिनंच भावाला सांगितलं असणार.

वासुदेवराव हो हो म्हणायचे. नाही म्हणायलाही जोर लागतो, आणि तेवढा त्यांच्यात उरला नव्हता. शेवटी एका सकाळी चुलीवर भात टाकायचा कंटाळा आला म्हणून ते पवनीच्या बसमध्ये जाऊन बसले.

पवनीत भैय्याजीचं हार्डवेअरचं दुकान होतं. गाव पाण्याखाली जायच्या आधीपासून वासुदेवरावांच्या घरचे फाळ, घमेली, खिळे तिथूनच येत. भैय्याजी तेरवीला येऊन गेला होता, त्यामुळे त्यानं पुन्हा तो विषय काढला नाही. खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला, आणि मशीन पाहिजे म्हटल्यावर दुकानात होत्या तेवढ्या सगळ्या काउंटरवर आणून मांडल्या.

“काम कायचं आहे घरी?” त्यानं विचारलं.

“काम असं काही नाही.”

“मंग मशीन कायले पायजे?”

“पोरगा म्हणते.”

भैय्याजी हसला. मोबाइलवर पाहून मशीन घेणारे त्यानं पुष्कळ पाहिले होते. चार दिवस भोकं पाडतात, मग खोकं खाटेखाली जातं, आणि उंदीर वायर कुरतडतात तेव्हाच ते पुन्हा बाहेर येतं. पण वासुदेवरावांना फसवायचं त्याच्या मनात नव्हतं. त्यानं एकेक मशीन हातात घेतली आणि बाजूला सारत गेला. ग्राइंडर नको. लोखंडाचं रोजचं काम असेल त्यानं घ्यावा, त्याची चकती फुटून उडाली तर चेहरा पाहत नाही, आणि दुसऱ्याच्या हाती द्यायची तर ती वस्तूच नव्हे. जिगसॉ नको, तुम्ही काही कपाटं बनवणार नाही. रंध्याची मशीन सुताराची. पावसाळ्यात एखादा दरवाजा फुगतो, तेवढ्यासाठी सुताराला बोलावलेलं बरं. बॅटरीवरचा ड्रिल दिसायला चांगला, पण पडून राहिला की बॅटरी मरते, आणि ज्या दिवशी काम निघतं त्या दिवशी तो हमखास बंद असतो. राहिला हा वायरचा ड्रिल. सिमेंटच्या भिंतीला चालतो, लाकडाला चालतो, उलटा फिरवून स्क्रू काढता येतो. घराला एवढाच पुरतो.

“पन खरं सांगू का, वासुदेवराव? हा बी घेऊ नका. वर्षातून एकदा लागनारी चीज. कोनाच्या तरी घरी असनच. मांगून आना.”

मागून आणा म्हटल्यावर वासुदेवरावांना बायकोचा, रुखमिणीचा, सोऱ्या आठवला.

जुन्या गावात त्यांचं अंगण बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, वाटेवर होतं. पाण्याला जाणारी बाई, म्हशी धुवायला नेणारा माणूस, सगळे त्या अंगणातून जायचे आणि जाताजाता बसायचे. त्याला कारण लागत नसे. मग गोसीखुर्द धरणाचं पाणी आलं आणि सगळे नव्या गावात आले. इथे चिठ्ठ्या टाकून प्लॉट मिळाले. जुना शेजार चार गल्ल्यांत पांगला. रस्ते सरळ आणि प्रत्येक घराला फाटक. इथे कोणाच्या घरी जायचं तर काम लागायचं.

रुखमिणीनं माहेरचा पितळी सोऱ्या काढून घासला आणि ज्याला लागेल त्यानं न्यावा असं सांगून ठेवलं. दिवाळीत चकलीला, उन्हाळ्यात कुरडईला. पण फाटकावर तिनं तो कधीच कोणाला दिला नाही. आत ये, बस, चहा घे, मग ने. आणि तिची एक खोड होती. सोऱ्यात एकच चकती असायची. चकलीची असली तर शेवेची सापडायची नाही, शेवेची असली तर कुरडईची. सोऱ्या नेणारी बाई दुसऱ्या चकतीसाठी परत यायची, आणि पुन्हा बसायची. वासुदेवराव चिडायचे. डोकं कुठं रायते तुह्यं, म्हणायचे. ती म्हणायची, वय झालं आता.

भैय्याजीला कळलं की हे ड्रिल घेणारच. त्यानं खोकं उघडून एक बारकी लोखंडी चावी काढली. पातं, म्हणजे पुढची भोक पाडायची सळी, बदलायचं तर ही चावी फिरवून सैल करायचं, नवं बसवायचं, पुन्हा आवळायचं. चावीशिवाय पातं निघत नाही. “हेच पहिले हरपते,” असं म्हणून तो सुतळीनं चावी वायरीला बांधू लागला.

वासुदेवराव त्याची गाठ पाहत होते. आणि त्यांच्या मनात आलं की जुन्या गावात सोऱ्याची एकही चकती हरवली नव्हती. त्या सगळ्या डब्यात असायच्या, सोऱ्याशेजारी, फळीवर. कोणाचं लेकरू कोणत्या पावसात झालं, कोणत्या बांधीत कोणता धान लावला होता, हे सगळं त्या बाईला पाठ होतं. चकत्यांचाच विसर तिला नव्या गावात पडू लागला.

इतकी वर्षं तिच्यासोबत राहून हे त्यांना आत्ता, एका दुकानात, दुसऱ्याच्या खुर्चीवर बसून समजलं.

“सोडा ते,” ते म्हणाले.

“काय?”

“सुतळी. चावी सुटीच राहू द्या.”

“हरपन जी.”

“हरपू द्या.”

घरी आल्यावर त्यांनी ओसरीच्या भिंतीला एक भोक पाडलं. मोठा आवाज झाला. भिंतीला भोक नको होतं, गल्लीला ऐकू जाईल असा आवाजच पाहिजे होता. भोकात काय अडकवायचं हे त्यांना ठरवता आलं नाही, म्हणून एक खुंटी ठोकून बाजाराची पिशवी टांगली. त्यानंतर त्यांनी मशीन पुसून खोक्यात ठेवली आणि चावी सदऱ्याच्या खिशात.

बरेच दिवस कोणी आलं नाही. खोकं खाटेखाली गेलं. वासुदेवरावांना स्वतःचीच लाज वाटू लागली. दुपारी ओसरीत बसायचं, समोरचं फाटक पाहायचं, आणि ऊन उतरलं की उठायचं. हे तर मशीन नसतानाही जमत होतं.

मग एका दुपारी समोरच्या ईश्वरची बायको चंद्रकांता फाटकाशी आली. तिला टीव्हीचा स्टँड भिंतीला लावायचा होता, काकाजीनं मशीन घेतल्याचं घरच्यांनी ऐकलं होतं. वासुदेवरावांनी ठरवून ठेवलं होतं, आत ये म्हणायचं, बस म्हणायचं. पण म्हणता आलं नाही. रुखमिणीच्या तोंडात ते शब्द कसे सहज असायचे, त्यांच्या तोंडात जडच झाले. त्यांनी खोकं आणलं आणि फाटकावरूनच देऊन टाकलं. ती गेली.

ते आत येऊन बसले. चावी खिशात टोचत होती. समोरून भोक पाडल्याचा आवाज आला आणि थांबला. स्टँडला जाड पातं लागत असणार. आता चावी शोधत असतील. आपण हे काय लेकरासारखं करून राहिलो, असं त्यांना वाटलं, आणि एकदम थकवा आला. नेऊन द्यावी म्हणून ते उठले, चपलेत पाय घातला, तेवढ्यात चंद्रकांता फाटक ढकलून आत आली.

“काकाजी, चावी नाही आली.”

“असन इथंच कुठंतरी. पायतो.”

ते फळीवर हात फिरवू लागले. चंद्रकांता ओसरीत थांबली नाही. आत येऊन खिडकीखाली बसली, बाया बसायच्या तिथेच. थोडा वेळ तिनं त्यांना शोधू दिलं.

“खिशात पाहा,” ती म्हणाली.

वासुदेवरावांनी चावी काढून खिडकीत ठेवली.

“काकूची चकती बी अशीच हरपे,” चंद्रकांता म्हणाली. “धानाच्या कनगीमागं रायची. आमाले सगळ्यायले मालूम होतं.”

“मालूम होतं?”

“हो जी. मले तर एकदा दिसली बी. तशीच सोडून मी घरी गेली, अन् मंग परत आली.”

“मंग काहून येत होत्या?”

तिनं पदरानं मान पुसली. “घरी सांगाले काम पायजे नं, काकाजी. शेवेची चकती आनाले चालली म्हटलं का सासू काही म्हनत नोहती. काकू गेली अन् आमचं बी बंद झालं.”

वासुदेवराव खाटेवर बसले. “ईश्वर थांबला असन तिकडं,” ते म्हणाले.

“थांबू द्या.”

मग ते उठले आणि चहा ठेवला. दूध नव्हतं. साखर जास्त पडली. चंद्रकांतानं मदत करू का असं विचारलं नाही, बसून राहिली. तिच्या सासूचे गुडघे, ईश्वरची ठेक्याची मजुरी, यंदा धरणात मासे कमी, असं ती सांगत होती आणि वासुदेवराव ऐकत होते. मधे एकदा त्यांनी विचारलंही, की सासूला बस झेपते का. चहा तिनं तोंड वाकडं न करता संपवला, कप मोरीत विसळून पालथा घातला आणि निघाली.

फाटकापर्यंत ती गेली तरी चावी खिडकीतच होती. वासुदेवरावांनी ती पाहिली. त्यांनी हाक मारली नाही.