पाटीवर चारच नावं

मी बोलतेय. इकडेतिकडे बघू नका. टेबलाखाली, भिंतीला टेकवून ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात मी आहे. पंख्याची घरघर ऐकू येते ना, तिच्याआड जी बारीक खडखड चालते, ती माझी. मी या घरातल्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क.

खरं तर बोलावं की नाही, याचाच बरेच दिवस विचार चालला होता. माझं काम लक्षात ठेवण्याचं, सांगण्याचं नव्हे. शिवाय वयोमानानं माझ्या काही जागा खराब झाल्या आहेत, तेव्हा सांगते ते जसंच्या तसं घडलं अशी शपथ मी घेणार नाही. हा शंकेखोर स्वभाव माझा मूळचा नाही बरं. ज्यांच्या पायाशी माझं आयुष्य गेलं, त्या सरांचा आहे. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.

माझा जन्म कारखान्यातल्या एका अतिस्वच्छ खोलीत झाला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली असायची, म्हणून माझी पहिली माणसं मी डोळ्यांपुरतीच पाहिली. माझ्या पोटात आरशासारख्या चकत्या फिरतात आणि त्यांच्यावरून एक नाजूक हात सरकत असतो. अगदी जवळून, पण न टेकता. टेकला की कारभार आटोपला. जवळ राहायचं पण टेकायचं नाही, ही शिकवण मला जन्मतःच मिळाली. पुढे घरात राहिल्यावर कळलं की माणसांना ती जन्मभर जमत नाही.

घर चौघांचं. सर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. खडकांचे थर हा त्यांचा जीव की प्राण. त्यांची बायको दवाखान्यात नर्स होती. मुलांबरोबर मीही तिला मनातल्या मनात आईच म्हणायची. मुलगा थोरला, मुलगी धाकटी. कॉम्प्युटर एक आणि बसणारे चार, म्हणजे भांडणाला निमित्त शोधायची गरजच नाही.

एके दिवशी थोरल्यानं गाड्यांच्या शर्यतीचा खेळ बसवायला जागा हवी म्हणून धाकटीची सगळी चित्रं पुसून टाकली. घरात असा काही आकांत झाला की शेजारच्या काकू दार वाजवून विचारून गेल्या, कोणाला लागलं का म्हणून.

सरांनी न्यायनिवाडा केला. खेळ काढून टाकायचा आणि प्रत्येकाला डिस्कवर स्वतंत्र खोली. म्हणजे माझेच भाग पाडायचे. पार्टिशन म्हणतात त्याला. पुस्तक वाचून, कागदावर आकृत्या काढून, तीनदा खोडून त्यांनी मला कापायला घेतलं.

“चार सारख्या खोल्या,” ते म्हणाले. “बाबा, थोरला, धाकटी, आई.”

“मला कशाला वेगळी?” आई इस्त्री करता करता म्हणाली. “मी आपली पाळीवरून आल्यावर पत्त्यांचा एक डाव खेळते. पाटीवर तुमची तिघांची नावं पुरेत.”

“न्याय म्हणजे न्याय.”

“बरं बाई, असू दे न्याय. मग मला शेवटची द्या. वर्दळ नको.”

तशी तिला शेवटची मिळाली. तिच्यापलीकडे थोडी जागा उरली, ती सरांनी तशीच मोकळी ठेवली. “ही आल्यागेल्याला. पाहुणे येतात, त्यांचंही काही ठेवायचं असतं.”

आई हसली. “अहो, पाहुणे बॅग घेऊन येतात. डिस्कवर काय झोपवणार त्यांना?”

हसण्यावारी गेलं, पण चूक तिथेच झाली होती. माझ्या अगदी पहिल्या तुकड्यावर एक पाटी असते. कुठली खोली कुठे सुरू होते आणि कुठे संपते, ते तिच्यावर लिहायचं. त्या पाटीवर चारच नावं मावतात. पाहुण्यांसाठी जागा होती, पण तिला दार कधी लागणारच नव्हतं. सरांना हे ठाऊक नव्हतं. मला होतं, पण मला विचारतो कोण?

त्यानंतरची वर्षं माझी सुखाची. सकाळी सर थरांचे नकाशे काढायचे, दुपारी मुलं, संध्याकाळी आईचा पत्त्यांचा डाव. डाव जमला की ती टेबलावर दोन बोटं वाजवायची. तो आवाज माझ्यापर्यंत पोचायचा. कुठे साठवायचा ते मला कळत नसे, तरी तो राहिला आहे.

सरांची एक खोड सांगते. ते कॉम्प्युटर कधी बंद करत नसत, झोपवत. “बंद केला आणि उद्या उठलाच नाही तर?” त्यामुळे मी कित्येक वर्षं धड जागी नाही, धड बंद नाही. माणसंही अशी राहतात, हे मी पुढे पाहिलं.

एका उन्हाळ्यात आई गेली. आजार लांबला नाही. थोरला तोवर दुसऱ्या शहरात नोकरीला लागला होता. धाकटीही तेव्हा परगावी होती; नंतर ती परत येऊन दोन गल्ल्या सोडून राहू लागली. सर टेबलाशी येऊन बसत. पडद्यावर चार खोल्यांची चार चित्रं दिसत आणि चौथीखाली लिहिलेलं असे, आई. ते त्या नावाकडे बघत. खोली मात्र उघडत नसत. आत तिचं काहीतरी असेल आणि ते आपल्याला सोसणार नाही, असं त्यांना वाटत असावं. निदान माझा तसा अंदाज आहे. आत काय होतं ते मला माहीत होतं. तोंड असतं तर मी सांगितलं असतं का? नसतं, बहुधा.

मग धाकटीची बदली ठरली. फार दूर, समुद्रापलीकडे. जायच्या आधीच्या रविवारी ती सकाळीच एक पेन ड्राइव्ह घेऊन आली.

“बाबा, तुमची ही जुनी सिस्टिम आता इंटरनेटला जोडायच्या लायकीची नाही. मी हिच्या शेजारी नवी बसवते. सुरू केलं की मशीन विचारेल, कुठली हवी? खडकांसाठी जुनी, माझ्याशी बोलायला नवी.”

“जुनीला धक्का लागणार नाही ना?”

“नाही.”

“बॅकअप घेतलास?”

“घेतला.”

“सगळ्याचा?”

“बाबा, तिसऱ्यांदा विचारताय.”

पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू झालं आणि पहिलीच अडचण आली. खोल्यांना कुलूप! धाकटीनं कपाळाला हात लावला. “हे झोपवलेलं आहे. नीट बंद केल्याशिवाय नवी सिस्टिम हात लावत नाही. तुम्ही शेवटचं बंद कधी केलं होतं?”

“बंद?” सर चाचरले. “दिवे गेले होते तेव्हा... म्हणजे ते आपोआपच.”

धाकटीनं जुनी सिस्टिम नीट बंद केली. त्या दिवशी किती वर्षांनी मी पुरती थांबले. आणि उठलेही.

आता पडद्यावर माझं चित्र आलं. चार रंगीत पट्ट्या आणि टोकाला एक करडी. “ही बघा मोकळी जागा,” असं म्हणून धाकटीनं करडीवर क्लिक केलं. उत्तर आलं, ही जागा वापरता येत नाही. तिनं पुन्हा केलं. पुन्हा तेच. मला तपासलं, माझी वायर काढून पुन्हा खोचली, पेन ड्राइव्ह बदलला. जेवणाची वेळ टळून गेली.

“जागा डोळ्यांना दिसतेय आणि घेत नाही, म्हणजे काय!”

“मी म्हणत होतो, जुनीच्या वाटेला जाऊ नये.”

“तुम्ही नुसते टोचू नका हो!”

अखेर मोबाईलवर वाचता वाचता तिला उमगलं. “बाबा, चार खोल्या कोणी पाडल्या?”

“मीच. न्याय म्हणून.”

“तुमच्या न्यायानं पाटी भरली. पाचवं नाव लिहायला ओळच नाही. पाहुण्यांची खोली बांधलीत आणि दार ठेवायला विसरलात.” ती हसत होती, पण मग पुन्हा पडद्याकडे वळली. “एक नाव खोडावं लागेल.”

थोरल्याला फोन लावला. तो म्हणाला, “माझं खोड. त्यात काय एवढं?”

“तुझी खोली मध्ये आहे रे दादा. तेवढ्यात नवी सिस्टिम मावत नाही. मागची मोकळी जागा जोडून घ्यायला हवी, आणि तिला लागून एकच खोली आहे.”

“कुठली?”

“शेवटची.” फोनवर त्यालाही ते कळलं.

“मग राहू दे,” सर उठले. “नकोच ते. आपण फोनवर बोलू. आवाज ऐकू आला म्हणजे झालं.”

“मला नाही झालं,” धाकटी म्हणाली. “आईचा आवाज मला शेवटपर्यंत फोनवर ठणठणीत वाटत होता. मी रोज विचारायची, ती रोज म्हणायची, छान आहे गं. समोर येऊन पाहिलं तेव्हा ती अर्धी झाली होती. तुमचं तोंड दिसायला हवं मला.”

सर खिडकीशी गेले. मग परत खुर्चीत येऊन बसले. “उघड,” ते म्हणाले. “आधी बघू तरी काय आहे.”

जुनी सिस्टिम सुरू करून धाकटीनं चौथी खोली उघडली. थोरला फोनवरच होता.

आत पहिला निघाला तो शर्यतीचा खेळ. निवाड्यात काढून टाकलेला. धाकटी ओरडली, “दादा! हा इथे कसा?”

फोनमधून खोकल्याचा आवाज आला. “आई म्हणाली होती, ठेव माझ्या खोलीत, बोलू नकोस.”

“बाबा, बघा तुमचा न्याय!”

पुढे निघालं सरांच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण. ते त्यांनी रागानं टाकून द्यायला सांगितलं होतं. तिनं टाकलं नव्हतं. मग धाकटीनं शाळेत असताना म्हटलेलं गाणं, भसाड्या आवाजातलं. हे कोणी ऐकलं तर मी जीव देईन, अशी तिनं तेव्हा धमकी दिली होती. थोरल्याचे अर्धवट अर्ज, सरांच्या सहलींचे हललेले फोटो, सगळ्यांचं उरलंसुरलं. “आई, तुझ्याकडे ठेवू का थोडे दिवस?” “ठेव की, माझं काय आहे तिथे?” हे संभाषण मी इतक्या वेळा ऐकलंय की माझ्या लेखी तेच त्या खोलीचं नाव होतं. परत न्यायला कोणी आलं नाही.

हसून हसून इथल्या दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग हळूहळू हसू ओसरलं.

“हिचं स्वतःचं काहीच नाही?” सरांनी विचारलं.

तळाशी एक फोल्डर होतं. नाव होतं ‘माझं’. धाकटीनं उघडलं. रिकामं.

मी माझा हात जागच्या जागी धरून ठेवला. खडखड नको म्हणून.

“आपापलं घेऊन जाऊ,” शेवटी सर म्हणाले. “तिच्यावर फार दिवस टाकलं आपण.”

दुपारभर सामान हललं. खेळ थोरल्याच्या खोलीत गेला, गाणं धाकटीच्या, प्रकरण सरांच्या. राहिलं ते ‘माझं’.

“ते माझ्याकडे दे,” सर म्हणाले.

धाकटीनं हलवलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं.

“नीट गेलं का?”

“बाबा, ते रिकामं आहे.”

“रिकामं नीट गेलं का, ते बघ.”

तिनं उघडून दाखवलं. नीट गेलं होतं.

मग खोली पुसायची वेळ आली. धाकटीनं माऊस त्यांच्याकडे सरकवला. मशीननं विचारलं, नक्की का? आयुष्यात सरांना हा प्रश्न इतरांनी कमी आणि त्यांनी स्वतःच जास्त वेळा विचारला होता. ते थांबले, चष्मा पुसला आणि बटण दाबलं.

माझ्या पाटीवरची एक ओळ कोरी झाली.

“आता इथे एक वेगळ्या प्रकारची जागा करते,” धाकटी सांगत होती. “ही स्वतः काही ठेवत नाही. पण हिच्या आत आपल्याला हव्या तितक्या खोल्या करता येतात. पाहुण्यांची जागापण हिच्यातच जोडून जाते.”

सर पुढे वाकले. “हिला नाव देता येतं?”

“नाही हो. हिला नाव नसतं. आतल्या खोल्यांना देता येतं.”

ते थोडं हसले. “चालेल. तिला पाटीवर नाव नकोच होतं.”

नवी सिस्टिम बसली. मशीन पुन्हा सुरू झालं तर यादीत नवीच, जुनीचा पत्ता नाही. सर पांढरेफटक पडले. “गेली! मी म्हणत होतो!” धाकटीनं शांतपणे एक आज्ञा लिहिली, नव्या सिस्टिमला म्हणाली, नीट शोध, शेजारी कोणीतरी राहतं. तिनं शोधलं आणि जुनीचं नाव खाली येऊन बसलं. सरांनी उठून चहा टाकला, आणि त्यात साखर दोनदा घातली.

आता धाकटी समुद्रापलीकडे असते. रोज सकाळी मशीन विचारतं, कुठली हवी? कोणीतरी विचारतंय, याचंच सरांना बरं वाटत असावं. आधी नवी. पडद्यावर धाकटी येते, त्यांचं तोंड निरखून बघते, म्हणते, “दाढी केली नाहीत.” मग जुनी, आणि खडकांचे थर. कधीमधी ते ‘माझं’ उघडतात, बघतात, मिटतात. संध्याकाळी आता मला बंद करतात. नीट, पूर्ण.

पण माझी खडखड वाढली आहे. परवा पडद्यापलीकडून धाकटीनंही ऐकली. म्हणाली, “बाबा, नवी डिस्क आणा, सगळं उतरवून घ्या.” तिचं बरोबर आहे. मला रोखू नका, ठोकून बघू नका, मी पुष्कळ फिरले.

जाता जाता एकच मागणं. तुमच्याही घरात अशी एक खोली असेल, नाहीतर एखादा कप्पा, जिथे सगळ्यांचं सामान आहे आणि जिचं आहे तिचं काही नाही. ती हाक मारल्यावर ओ देतेय तोवर आपापलं उचलून न्या. आणि सर, माझ्यातलं सामान हलवाल तेव्हा नकाशे नंतर न्या, प्रकरण नंतर न्या. आधी ते रिकामं फोल्डर न्या. वेळ लागत नाही त्याला. फक्त नीट गेलं का, तेवढं एकदा बघा.