खिळ्यावर टांगलेला पेंडीचा डबा

“पेंड उष्ण पडते, म्हटलं ना एकदा! एवढ्या उन्हात तिच्या पोटात निखारे घालतेस का?”

“आणि हा वाळका चारा काय बर्फ आहे का, ताई?”

झालं सुरू. सकाळपासून हेच चाललंय. थोरली जाऊ गोठ्याच्या दारात, धाकटी गव्हाणीपाशी, आणि मधे आमची ठमी गाय जमिनीवर बसलीय. बसलीय म्हणजे काय, उठताच येत नाहीये तिला. गाभण आहे, दिवस भरत आलेत. आणि या दोघींना भांडण सुचतंय!

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. पेंड मोजायचा. गव्हाणीवरच्या खिळ्याला टांगलेला. तोंड आहे, पण ते नुसतंच उघडं. बोलता येत असतं ना, तर दोघींना कधीच गप्प केलं असतं.

आधी माझ्यात रंग होता. दारं-खिडक्यांना लावतात तो, हिरवा. रंग संपला आणि मला उकिरड्यावर फेकलं. थोरलीनंच उचलून आणलं बरं का. राख लावून घासलं, पत्रेवाल्याकडून कडी बसवून घेतली. बुडाला एक हिरवा डाग राहिला, तो काही गेला नाही. तेव्हापासून रोज माझ्यात पेंड आणि धान्याचा भरडा. धाकटी मला गव्हाणीवर दोनदा आपटायची, की ठमी जिथं असेल तिथून शेपूट उडवत यायची. ठमी नाव उगाच नाही पडलं. गोल होती नुसती! पाठीवर पाणी ओतलं तर दोन्हीकडून सारखं ओघळायचं. थोरली माझ्यावरून हात फिरवून म्हणायची, “हा डबा म्हणजे माझा उजवा हात.” फुगून फुटायचा बाकी होतो मी.

मग हा उन्हाळा आला. छपराचा पत्रा असा तापतो की खाली उभं राहवत नाही. ठमी धापा टाकायला लागली, चारा अर्धा टाकून द्यायला लागली. थोरली घाबरली. तिच्या माहेरी एक गाय म्हणे भर दुपारी पेंड खाऊन आडवी झाली होती. तेव्हापासून तिच्या डोक्यात पक्कं बसलं, पेंड म्हणजे आग. पेंड बंद, भरडा बंद. मी खिळ्यावर.

थोरलीचा ठमीवर जीव नव्हता असं नाही. दुपारभर ओली गोणपाटं ठमीच्या पाठीवर टाकत बसायची. वाळका चारा पुढ्यात रचायची आणि म्हणायची, “बघ, पोट कसं टम्म झालंय!”

धाकटी म्हणायची, “मग आपणही उन्हाळाभर पालापाचोळा खाऊ या की, ताई. पोट तर भरेल.”

“जीभ फार चालायला लागलीय तुझी!”

पण मला वरून दिसत होतं ना! पोट नगाऱ्यासारखं आणि कमरेची हाडं वर आलेली. बरगड्या मोजून घ्या. दूध तर कधीच आटलं. पोटातल्या वासराला ती कुठून देणार होती? स्वतःचंच मांस झिजवून देत होती. रोज मान उंच करून मला चाटायची. आत काही नाही, नुसता वास. तिची जीभ माझ्या काठावरून फिरायची आणि मी लोंबकळत राहायचो. वाटायचं, उडी मारावी आणि थोरलीच्या डोक्यातच पडावं!

आज सकाळी ठमी उठलीच नाही. धाकटीनं कुणाला न विचारता जनावरांच्या डॉक्टरला बोलावणं धाडलं. तो आत्ता आलाय, ऊन उतरता उतरता. त्यानं डोळे पाहिले, कमरेच्या हाडांवर हात ठेवला, सलाईन लावली.

“पेंड कुणी बंद केली?”

“मी,” थोरली म्हणाली. “उन्हात उष्ण पडते म्हणून.”

“अहो बाई, उन्हात जनावर मुळातच कमी खातं. मग जे खाईल त्यात दम नको का? हा वाळका चारा पचवतानाच अंगात जास्त गरमी होते, आणि मिळतं काय, तर भुसकट. भर दुपारी पेंड घालू नका, एवढंच. पहाटे घाला, ऊन उतरल्यावर घाला. पाणी सारखं पुढ्यात ठेवा. आता एकदम नको, मूठभर भिजवून सुरुवात करा. हळूहळू वाढवा.”

थोरली ठमीच्या मानेशी जाऊन बसली. “मीच मारलं का हो तिला?”

“अजून मेली नाही. रडत बसाल तर मरेल.”

ठमीच्या नाकपुड्या तेवढ्या हलतायत. धाकटीनं तोंडाजवळ हिरवा पाला धरला, तर ठमीनं मान फिरवली. वाटतं, खाणं काय असतं हेच विसरली की काय ही!

मित्रांनो, तुमच्या गोठ्यात कुणी असेल ना, तर नुसतं पोट बघू नका रे. पाठीवरून हात फिरवा. हाडं लागतात का बघा. आणि ज्याला बोलता येत नाही, त्याच्यासाठी कुणीतरी वेळेवर भांडा, आमच्यासारखा उशीर—

थांबा. थोरली उठलीय. धाकटीनं पेंड भिजवायला घेतलीय. थोरलीनं मला खिळ्यावरून काढलंय, माझी कडी घट्ट धरलीय.

ठमे, तोंड उघड गं. एकदाच उघड.

जायला पाहिजे मला आता.