शहजादीच्या पेटीतले चित्र

मित्रांनो, मी एक जुने मुखपृष्ठ आहे, अमेरिकेतल्या एका स्वस्त प्रेमकथांच्या मासिकाचे. माझ्यावर उधळलेला तांबडा घोडा आहे, त्यावर रुंद टोपीचा स्वार आणि त्याला बिलगलेली पिवळ्या केसांची मुलगी. चित्र जरा भडकच आहे, हे मला मान्य आहे.

लढाईच्या दिवसांत, १९४३ साली, मी बोटीने येऊन नगरच्या लष्करी इस्पितळात पोहोचले. तिथे सगळे मला मागून नेत. परत मिळावे म्हणून एका गोऱ्या शिपायाने माझ्या कोपऱ्यात पेन्सिलीने आपले नाव लिहून ठेवले. तो बरा होऊन गेला आणि मी रद्दीत गेले.

रद्दीतून मला सत्तारभाईंनी उचलले. ते पत्र्याच्या पेट्या करत. लेकीला, शहजादीला, घोडा फार आवडला, म्हणून तिच्या लग्नाच्या पेटीत त्यांनी मला झाकणाला आतून खळीने डकवले. पोरगी नुसती हरखून गेली होती. तेवढे कौतुक पुन्हा माझ्या वाट्याला आले नाही.

शहजादी देवळाली प्रवरेला नांदायला गेली. तिचा नवरा नियाज जनावरांना नाल मारायचा. मला पाहून तो हसला.

"घोडा लई ब्येस हाय. पर नाल कुठं दिसंना!"

मग भांडी बाहेर निघाली. ज्याने दिले त्याचे नाव भांड्यावर घालायची रीत. ताटावर मामाचे, तांब्यावर चुलत्याचे. नावे पाहता पाहता नियाजला माझ्या कोपऱ्यातली अक्षरे दिसली. शेजारच्या काकासाहेब मास्तरांनी वाचून सांगितले, "हे तर गोऱ्याचं नाव आहे."

"गोऱ्यानं तुला चित्र दिलं?" नियाजने विचारले.

"न्हाई वो! अब्बांनी रद्दीतनं आनलं," शहजादी रडून सांगत राहिली. मला सगळे ठाऊक होते, पण कागदाला तोंड कुठे असते?

तिसऱ्या दिवशी तो तिला पेटीसकट नगरला सोडायला आला. सत्तारभाईंनी त्याचे पाय धरले.

"मीच डकवलं रे बाबा. पोरीनं गोरा जवळून बघितला बी न्हाई."

"बापच तुमी. दुसरं काय सांगनार?" म्हणत तो निघून गेला.

सत्तारभाई चाकूने ते नाव खरवडायला बसले. शहजादीने त्यांचा हात धरला. "राहू द्या अब्बा. आता काय व्हनार?"

त्याला चार वर्षे झाली. सत्तारभाईंनी पुन्हा एकाही पेटीत चित्र लावले नाही. मित्रांनो, जुन्या कागदांची निगा राखा, असे मी म्हणणार नाही. माझी निगा राखून कुणाचे भले झाले? रडून सांगणाऱ्या माणसाचे एकदा नीट ऐकून घ्या, एवढेच मागते. नियाजने दुसरे लग्न केले. शहजादी पेटी उघडत नाही, आणि तिने ती कधी उघडूही नये, असेच मला वाटते.